बाराव्या ओळीतला काळा ठिपका

बाराव्या ओळीत डावीकडून एकोणिसावा ठिपका काळा होता. राखी नव्हे, काळा. इरावतीने पेन्सिलीचे टोक कागदाला न टेकवता पुन्हा एकदा मोजले. पांढरा, राखी, पांढरा, राखी असे अठरा ठिपके शिस्तीत आले, एकोणिसाव्या जागी पांढऱ्याऐवजी काळी टिकली निघाली आणि विसाव्यापासून जणू काही झालेच नाही अशा थाटात राखी, पांढरा, राखी, पांढरा पुन्हा सुरू. चाळीस ओळी, प्रत्येक ओळीत चाळीस ठिपके. सोळाशे ठिपक्यांत काळा एकच.

"चिमट्या, हे काय आहे?"

"खड्डा," चिमटा म्हणाला. "त्या जागी अणू नाही."

चिमटा हा प्रयोगशाळेतला यंत्रमानव. त्याला पाय नव्हते. छताला बसवलेल्या रुळावरून तो सरकत यायचा आणि त्याचे दोन लांब हात खाली लोंबत असायचे. त्या हातांनी तो केसाहून बारीक तार उचलू शकत असे, म्हणून त्याचे नाव चिमटा. स्वभावाने तो फार टापटिपीचा होता. टेबलावर तिरका पडलेला कागद दिसला की त्याला राहवत नसे.

ही प्रयोगशाळा सातपुड्यात, तोरणमाळच्या पठारावर, काळ्या खडकाच्या पोटात खोदलेली होती. वर रस्ता नाही, कारखाना नाही. जवळच्या तलावावर वारा सुटला तरी खाली जाणवत नाही. जगातल्या अगदी थोड्या जागा इतक्या निवांत आहेत आणि इथे कामाला तेवढाच निवांतपणा लागतो. इरावतीची आजी, डॉक्टर प्राजक्ता चौबळ, इथे एकेका अणूचे चुंबकत्व पाहत असे. दर सुट्टीत इरावती शहाद्याहून तारेवरच्या झुलत्या पाळण्यात बसून वर यायची आणि परत गेली की वर्गात आठवडाभर फक्त याच गोष्टी सांगायची.

या वेळी मात्र ती जरा गप्प होती. कारण सांगायला गेले तर तसे सोपे होते. सुट्टी लागण्याआधी तिने वर्गाला सांगून टाकले होते की, गुरू ग्रहाकडे निघालेल्या यानात तिच्या आजीने बनवलेली स्मृती (माहिती साठवून ठेवणारा भाग) बसणार आहे. आणि ती वर पोचली तर इथे सगळे हळू आवाजात बोलत होते. आज दुपारी चार वाजता गुरू मोहिमेच्या कार्यालयातून कामतांचा फोन यायचा होता. आजीने 'हो' किंवा 'नाही' सांगायचे होते. हे उत्तर तिने आधी दोनदा पुढे ढकलले होते. आता पुढे ढकलायला दिवस उरला नव्हता.

"नाही म्हटलं तर काय होईल?" इरावतीने सकाळीच विचारले होते.

"तर नेहमीची स्मृती बसवतील," आजी म्हणाली. "गुरूचं चुंबकत्व फार जोरदार आहे. नेहमीच्या स्मृतीला त्यापासून जपायला नऊ किलोचं कवच घालावं लागतं. तेवढं वजन यानात जास्तीचं नाही. मग एक कॅमेरा काढून ठेवतील."

"आणि हो म्हटलं, आणि आपली स्मृती बिघडली तर?"

"तर यान तिथे पोचेल, पण स्वतःला काय दिसलं ते त्याच्या लक्षात राहणार नाही."

आजी कधीच आवाज चढवून बोलत नसे. पण हे वाक्य संपवल्यावर तिने चष्मा काढून पुसला, आणि चष्मा आधीच स्वच्छ होता हे इरावतीच्या लक्षात आले.

आता दोघी टेबलाशी बसल्या होत्या. इरावतीने गळ्यातले होकायंत्र काढून टेबलावरच्या हवाबंद कुपीतल्या नखाएवढ्या चकतीजवळ नेले. काटा ढिम्म हलला नाही.

"तू म्हणतेस यावर लोखंड आहे."

"आहे. टंगस्टन धातूची चकती आणि तिच्यावर लोखंडाचा थर. फक्त एका अणूइतका जाड."

"मग काटा का हलत नाही?"

"इतक्या पातळ थरानं तुझं होकायंत्र तसंही हलणार नाही, ती अपेक्षा चुकीची आहे," आजी म्हणाली. "पण प्रश्न बरोबर आहे. आमच्याकडे याच्या लाखो पटींनी नाजूक मापक आहे. एका थराचं चुंबकत्वसुद्धा त्याला कळतं. तेही इथे शून्य दाखवतं. का, ते सांग बघू."

इरावतीने बराच वेळ चकतीकडे पाहिले. "लोखंडाचा चुंबकपणा गेला?"

"गेला नाही. लोखंडाचा प्रत्येक अणू हा एक इवलासा चुंबक असतो. तुमच्या घरातल्या चुंबकात हे सगळे अणू एकाच दिशेला तोंड करून असतात, म्हणून त्यांचं बळ एकत्र येतं. पण टंगस्टनवर लोखंडाचा एकच थर दिला की अणू वेगळे वागतात. एकाचं तोंड वर, शेजाऱ्याचं खाली. त्याच्या शेजाऱ्याचं पुन्हा वर."

"बुद्धिबळाच्या पटासारखं."

"अगदी तसंच. जितके वर, तितकेच खाली. बेरीज शून्य. याला प्रतिलोहचुंबकत्व (शेजारच्या अणूंची तोंडं उलटसुलट असल्यामुळे बाहेर न दिसणारं चुंबकत्व) म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, इथे काहीच नाही. आणि बाहेरचा मोठा चुंबक जवळ आणला तरी याला तो ओढू शकत नाही, कारण ओढायला एक दिशाच सापडत नाही. म्हणून गुरूजवळ न्यायला हे चांगलं."

"आणि यात लिहायचं कसं?"

"पटाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातलं पहिलं घर पांढरं की राखी, यावर. पांढरं म्हणजे एक, राखी म्हणजे शून्य. यंत्रातल्या अशाच चकतीवर लोखंडाचं एक बेट आहे, साधारण ऐंशी अणू लांब, ऐंशी अणू रुंद; चित्रात त्याचा ठरलेला चाळीस बाय चाळीसचा भाग येतो. तीनशे तीन दिवसांपूर्वी आम्ही त्यात 'एक' लिहिला. तीनशे दिवस तो टिकला पाहिजे अशी अट होती. बाकीच्या सगळ्या परीक्षा पार पडल्या होत्या. ही शेवटची."

"पण बाहेरून काहीच दिसत नाही, तर तुला कसं दिसतं?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायला आजीच्या आधी दारातून दुसरेच कोणी पुढे आले. जयवंत वळवी, म्हणजे वळवीकाका, या प्रयोगशाळेचे सुई-कारागीर. त्यांनी खिशातून काचेची नळी काढून उजेडात धरली. आत पाच मिलिमीटर लांबीची एक सुई होती.

"हिच्यामुळे दिसतं," ते म्हणाले. "टंगस्टनची तार क्षाराच्या पाण्यात लोंबती ठेवायची आणि वीज सोडायची. तार मधोमध झिजत जाते. शेवटी खालचा तुकडा आपल्याच वजनानं गळून पडतो. त्याच क्षणी वीज बंद केली तर टोकाला एकच अणू उरतो. डोळ्याचं पातं लवेपर्यंत उशीर झाला, की झाली बोथट."

"तो क्षण यंत्राला कळतो ना, काका?"

"यंत्राला गळून पडल्यावर कळतं. मला आधी कळतं. बुडबुडे बारीक होतात." वळवीकाकांनी नळी पुन्हा खिशात ठेवली. "सात देशांत जातात आपल्या सुया. खोक्यावर तोरणमाळ लिहिलेलं असतं, मराठीत."

"मराठीत लिहायचं कुणीच सांगितलेलं नाही," चिमटा म्हणाला.

"नको लिहू असंही कुणी सांगितलेलं नाही."

आजी किंचित हसली आणि तिने कागद पुढे ओढला. "ही सुई पृष्ठभागाला टेकत नाही, इरू. तीन-चार अणूंइतकं अंतर राखून वरून फिरते. अणू ज्वारीच्या दाण्याएवढा धरला, तर सुई इथून जवळजवळ नंदुरबारपर्यंत लांब होईल, आणि तिचं टोक दाण्यापासून बोटभर अंतरावर असेल. एवढ्या जवळ आलं की सुईतले इलेक्ट्रॉन मधली पोकळी ओलांडून पलीकडे जातात. खरं तर ओलांडायला लागणारी शक्ती त्यांच्यात नसते. तरी काही जण पलीकडे निघतात. अतिसूक्ष्म जगाचे नियम तसे आहेत. याला सुरंगन (पुरेशी शक्ती नसताना अडथळ्याच्या पलीकडे निघणं) म्हणतात. अंतर एका अणूच्या निम्म्यापेक्षाही कमी वाढलं, तरी हा प्रवाह दहा पटींनी घटतो. म्हणून सुईला अणूचा उंचवटा बरोबर कळतो."

"उंचवटा कळेल. तोंड वर की खाली हे कसं कळेल?"

"सुईवर क्रोमियमचा पातळ लेप असतो. त्यामुळे टोकाचा अणूही एक चुंबक होतो, ठरलेल्या तोंडाचा. आता इलेक्ट्रॉनलाही स्वतःचा चुंबकपणा असतो, त्याला स्पिन म्हणतात. तो दोनच तऱ्हांचा, वर किंवा खाली. आपल्या एसटीत काही जागा राखीव असतात ना? समज, वर तोंड असलेल्या अणूत 'वर'वाल्या इलेक्ट्रॉनसाठी भरपूर रिकाम्या जागा आहेत, 'खाली'वाल्यांसाठी कमी. सुईच्या टोकातून बहुतेक 'वर'वाले निघतात. समोर वर तोंडाचा अणू आला, तर?"

"भराभर जागा मिळतील. प्रवाह जास्त."

"आणि खाली तोंडाचा आला?"

"उभं राहावं लागेल. प्रवाह कमी."

"म्हणून चित्रात पहिला पांढरा दिसतो, दुसरा राखी. साध्या सुईनं पाहिलं तर सगळे एकसारखे दिसतात. आमच्या सुईला मात्र प्रत्येकाचं तोंड कळतं."

इरावतीने तिच्यासमोरची दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवली. रोज एक चित्र काढायचे असा इथला शिरस्ता होता. दोनशे एक्याऐंशीव्या दिवसाच्या चित्रात कोपऱ्यातला पहिला ठिपका पांढरा होता. दोनशे ब्याऐंशीव्या दिवसाच्या चित्रात तोच ठिपका राखी. आणि सगळ्या पटावर जिथे पांढरे तिथे राखी, जिथे राखी तिथे पांढरे.

"एका दिवसात आख्खा पट उलटला," आजी म्हणाली. "त्यानंतरही आम्ही त्याच सुईनं रोज चित्रं काढली. सगळी उलटीच. आपोआप उलटणारी स्मृती गुरूकडे कशी पाठवणार?"

आजीने दोन्ही चित्रे बाजूला सरकवली.

इरावतीने आपली पाटी काढली. शाळेच्या वहीसाठी तिला दोनशे ब्याऐंशीव्या दिवसाचे चित्र ठिपक्याठिपक्याने उतरवायचे होते. पाटी म्हणजे अर्थातच काचेची, बोटाने लिहायची. अकरा ओळी बिनचूक उतरल्या. बाराव्या ओळीत तो काळा ठिपका आला आणि तिची मोजणी चुकली. तिथून पुढे तिचे पांढरे राखी झाले आणि राखी पांढरे, ते थेट चाळिसाव्या ओळीपर्यंत. चूक लक्षात आली तेव्हा ती वैतागून पाटी तिथेच टाकून शेंगा आणायला गेली.

परत येऊन पाहते तर चित्र नीटनेटके झाले होते. फक्त भलतेच.

"चिमट्या, तू माझ्या पाटीला हात लावलास?"

"वरच्या अकरा ओळी खालच्या ओळींशी जुळत नव्हत्या. मी जुळवल्या."

"अरे, वरच्या बरोबर होत्या. खालच्या चुकल्या होत्या."

"खालच्या जास्त होत्या," चिमटा शांतपणे म्हणाला.

वळवीकाका खो खो हसले. इरावतीला मात्र हसू आले नाही. ती पाटीकडे पाहत राहिली आणि मग हातातली शेंग न फोडताच तिने विचारले, "आजी, हा खड्डा दोनशे एक्याऐंशीव्या चित्रात नाही."

"नाही. असे खड्डे प्रत्येक पृष्ठभागावर असतात, इरू."

"असतात. पण हा एका दिवसात झाला. तिथला अणू कुठे गेला?"

आजीने मान वर केली.

"तूच सांगितलंस, यंत्राच्या आत हवा नाही," इरावती म्हणाली. "आणि थंडी एवढी की अणू जागचा हलत नाही."

"उणे दोनशे एकोणसत्तर अंश," चिमट्याने माहिती दिली.

"मग तो आपण होऊन जाणार नाही. त्याच्या जवळ दुसरं काय होतं? सुईच ना?"

"सुईनं अणू उचलला असेल," आजी सावकाश म्हणाली. "तसं होतं कधीकधी. उचललेला लोखंडाचा अणू क्रोमियमवर उलट्या तोंडानं बसू शकतो. मग सुईच उलटी बघायला लागते. पट आहे तसाच राहतो, पण चित्र उलटं येतं. हा संशय आम्हांला पहिल्याच दिवशी आला होता. पण सुई चित्राच्या मध्येच बदलली, तर चित्रात मध्येच एक रेघ दिसते. रेघेच्या वर सुलट, खाली उलट. मी चिमट्याला विचारलं होतं, रेघ आहे का म्हणून."

"मी चित्र तपासून नाही म्हणालो," चिमटा म्हणाला. "चित्रात रेघ नाही."

"सुई बदलून का नाही बघितलं?"

हे वळवीकाकांनी सांगितले. "सुई बदलली की बेट हरवतं, बेटा. ज्वारीच्या दाण्याचाच हिशोब धर. चकती म्हणजे दीडशे किलोमीटर लांबरुंद माळ, आणि त्यावर बेट म्हणजे पाटाएवढं. पुन्हा कुठे शोधणार?"

इरावतीने पाटी उचलून चिमट्यासमोर धरली. "तू यंत्राची चित्रंही अशीच जुळवतोस?"

"हो. प्रत्येक चित्र दाखवण्याआधी धुऊन घेतो. ज्या ओळी बाकीच्यांशी जुळत नाहीत, त्या जास्त ओळींप्रमाणे करतो. डॉक्टरांची सूचना आहे. अकरा वर्षांपूर्वीची."



ती सूचना आजीला लख्ख आठवत होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. तेव्हा यंत्र नवे होते, चित्रांत ओळी थरथरत येत आणि पाहुण्यांना दाखवायला चित्र स्वच्छ हवे होते. "धुऊन दाखवत जा," असे ती म्हणाली होती आणि मग धुतलेली चित्रे पाहायची सगळ्यांनाच सवय झाली.

"चिमट्या," आजी म्हणाली, "दोनशे ब्याऐंशीव्या दिवसाचं न धुतलेलं चित्र आहे?"

"आहे. कच्ची चित्रं मी कधीच टाकत नाही. फक्त कुणी मागत नाही."

"मी मागते आहे."

पडद्यावर कच्चे चित्र आले. ते फार सुंदर नव्हते. ओळी जराशा हललेल्या, कडा खडबडीत. पण वरच्या डाव्या कोपऱ्यातला पहिला ठिपका पांढराशुभ्र होता. अकरा ओळी सुलट. बाराव्या ओळीत खड्ड्याच्या अलीकडचा ठिपका पांढरा आणि पलीकडचा राखी, जे दोन्ही सारखे असायला हवे होते. आणि तिथून खाली सगळे उलट.

"म्हणजे माझ्या सुईनं चोरी केली," वळवीकाका म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता.

"एका अणूची," आजी म्हणाली. "आणि एवढ्या सबंध खडकात तिला ते लपवता आलं नाही, जयवंत. अशी सुई मला दुसऱ्या कुणी करून दिलेली नाही."

वळवीकाकांनी नळीचा खिसा उगाचच चाचपला आणि मान ताठ केली.

"मग आता हो सांग," इरावती म्हणाली.

"नाही. हे चित्र म्हणतं की सुई उलटली. ती पुन्हा सुलट झाली की पट सुलट दिसतो का, ते बघायचं राहिलं आहे." आजीने घड्याळ पाहिले. पावणेतीन. "चिमट्या, सुई बेटाबाहेर ने. उघड्या टंगस्टनवर. अंतर मोजत ने, परत त्याच वाटेनं यायचं आहे."

भिंतीवरचा निळा दिवा लागला. हा दिवा लागला की चपला बाहेर, बोलणे बंद, आणि सगळ्यांनी सतरंजीवर बसायचे. चालण्याच्या हादऱ्यानेसुद्धा चित्र हलते. इरावती मांडी घालून बसली. नकळत तिच्या हातातली शेंग फुटली.

"एक शेंग," चिमटा पुटपुटला. "नोंद घेतली."

आजीने बोटाने खूण केली. चिमट्याने सुईला क्षणभर जादा व्होल्टेज दिले, म्हणजे टोकाला लागलेले काही असेल तर ते सुटून पडावे. आधीच्या चित्रात तिथे नुसते सपाट टंगस्टन होते. नंतरच्या चित्रात त्यावर एक एकटा पांढरा ठिपका बसलेला दिसला. वळवीकाकांनी हळूच इरावतीच्या खांद्यावर हात ठेवला. ऐवज मिळाला होता.

मग सुई बेटावर परत गेली. या वेळी आजीने ती केसभर नव्हे, केसाच्या लाखाव्या भागाहूनही कमी, अशी जराशी वर उचलून ठेवली, पुन्हा चोरी नको म्हणून. एका ओळीला एक मिनिट लागणार होते. सव्वातीन वाजले होते.

पहिला ठिपका पांढरा आला.

इरावतीने आजीकडे पाहिले. आजी पडद्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही. दुसरी ओळ, तिसरी ओळ. सुलट. नववी, दहावी. अकरावी. बाराव्या ओळीपाशी इरावतीने श्वास रोखून धरला. श्वासाने चित्र हलत नाही, हे तिला ठाऊक होते, तरीही. सतरावा ठिपका राखी, अठरावा पांढरा, मग खड्डा, आणि विसावा...

पांढरा.

पुढच्या अठ्ठावीस ओळी कोणी हलले नाही. चाळिसावी ओळ पूर्ण झाली तेव्हा घड्याळात तीन वाजून पंचावन्न मिनिटे झाली होती. निळा दिवा विझला.

"तीनशे तीन दिवस," वळवीकाका म्हणाले. "एक अणू गेला, तरी बाकीच्यांनी तोंड फिरवलं नाही."

"डॉक्टर, चित्र धुऊ का?" चिमट्याने विचारले.

"नको. आजपासून आधी कच्चं दाखवायचं. धुतलेलं मागितलं तरच."

"पाटीचंही तसंच?" इरावतीने विचारले.

"इरावतीच्या पाटीला हात लावायचा नाही," आजी म्हणाली. "आणि चिमट्या, या चित्राखाली पाहणाऱ्यांची नावं लिही. जयवंत वळवी, प्राजक्ता चौबळ, इरावती. इरावतीचं पहिलं."

इरावतीच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. चार.

आजीने फोन लगेच उचलला नाही. तिने चष्मा पुसला नाही की कागद सारखे केले नाहीत. पडद्यावरच्या त्या खडबडीत, न धुतलेल्या चित्राकडे, कोपऱ्यातल्या पहिल्या पांढऱ्या ठिपक्याकडे तिने एकदा नीट पाहून घेतले आणि मग फोन उचलून सगळ्यांना ऐकू जाईल असा त्याचा आवाज मोठा केला.

"चौबळबाई, कामत बोलतोय. या वेळी तरी काही ठरलं का? मला पाच वाजता कळवायचं आहे, कवच घालायचं की कॅमेरा ठेवायचा."

"कामत, तुम्हांला दोन चित्रं पाठवते आहे. एकात आमची चूक आहे. ती कुठे झाली, कशी सापडली आणि कुणाला सापडली, ते खाली लिहिलेलं आहे. ते आधी वाचा."

"वाचतो. पण उत्तर?"

आजीने इरावतीचा हात हातात घेतला.

"हो," ती म्हणाली. "आमची स्मृती गुरूकडे न्या. कवच नको. कॅमेरा राहू द्या."